फॅनच्या सेन्सरमधून कूलंट गळतंय: सीलंटच्या ट्यूबला हात लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या गाडीवर इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन बसवला. फॅन चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरची बारीक तांब्याची नळी रेडिएटरच्या वरच्या होजखालून आत सोडली आहे. तिथून रोज सकाळी थेंब पडलेला दिसतो. दोनदा सिलिकॉन भरून झालं, तिसऱ्यांदा पुन्हा गळती. आता हा प्रकार काढून टाकून आट्यांचा थर्मोस्विच (ठरावीक तापमानाला चालू-बंद होणारा स्विच) लावायचा विचार आहे, पण टेम्परेचर गेजचा एक आट्यांचा सेन्सर आधीच लावलेला असून टेफ्लॉन टेप गुंडाळूनही तोही पाझरतो. तर नेमकं कुठलं सीलंट वापरावं?

सीलंटचं नाव सांगतो, पण ते बरंच पुढे येईल. माझ्याकडे अशा तक्रारीने आलेल्या गाड्यांमध्ये सीलंट कमी पडलं म्हणून गळती झाली असं फार क्वचित निघालं आहे. जिथे सीलंट चालत नाही तिथे ते थापलेलं असतं, आणि ते वापरूनही गळतंय म्हणून वर आणखी थापलेलं असतं. त्यामुळे आधी पाणी नेमकं कुठून बाहेर पडतंय ते पकडायचं.

इंजिन पूर्ण गार असताना सेन्सरच्या भोवतालची जागा गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा. कूलंट वाळलं की पांढरा, हिरवा किंवा गुलाबी खर जमतो. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे खरवडायची गरज पडत नाही. जागा कोरडी करून सेन्सरच्या षटकोनी डोक्याभोवती टिश्यू पेपरची बारीक पट्टी गुंडाळा, दुसरी पट्टी कनेक्टरच्या मुळाशी आणि तिसरी वर होजच्या टोकाशी. मग रेडिएटरच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टरचा हातपंप बसवा आणि झाकणावर जेवढा दाब लिहिला असेल तेवढाच भरा, म्हणजे ०.९ बार असेल तर ०.९. उत्साहाच्या भरात दीड बारपर्यंत जाल तर जुन्या रेडिएटरचा सांधा उघडेल आणि मग सेन्सरचा प्रश्न किरकोळ वाटायला लागेल. पंधरा मिनिटं थांबा. पहिली कुठली पट्टी ओली होते ते बघा.

हे गार इंजिनावरच करायचं, आणि त्याला कारण आहे. गरम असताना बाहेर आलेला थेंब धातूवर लगेच सुकतो, मागे फक्त खर राहतो. बंद केल्यावर सगळं गार होऊन आकसतं, रबर कडक होतं, फटी उघडतात, म्हणून डबकं सकाळी दिसतं. गाडी चालवून परत आल्यावर बॉनेट उघडून ‘कोरडं आहे की’ म्हणणाऱ्यांची फसगत इथेच होते.

आणि थेंब एवढासाच आहे म्हणून सोडून देऊ नका. बंद यंत्रणेत साधारण १ बार जादा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब टिकला नाही तर १००लाच उकळतं. सेन्सरपाशी दाब निसटत असेल तर चढावर इंजिन जी चार-पाच अंशांची सवलत मागतं ती त्याला मिळत नाही. शिवाय कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडांना पुरेसं होतं. जमिनीवर पडलेलं लगेच पुसा.

आता ओल्या पट्टीवरून काय समजायचं? डोक्याखालची पट्टी भिजली तर आटे किंवा वायसर. होजकडची भिजली तर क्लिप किंवा होज, आणि सेन्सर बिचारा खाली बसून वरचं पाणी अंगावर घेतोय. कनेक्टरच्या मुळाशी असलेली पट्टी भिजली तर सेन्सर स्वतःच फुटला आहे आणि जगातलं कुठलंही सीलंट त्याला उपयोगाचं नाही.

या शेवटच्या प्रकाराबद्दल जरा जास्त सांगतो, कारण मी स्वतः त्यात एकदा सणसणीत फसलो आहे. सेन्सरचं अंग पितळेचं असतं, कनेक्टर प्लॅस्टिकचा, आणि पितळेची वरची कड प्लॅस्टिकवर दाबून वळवलेली असते. आत एक बारीक ओ-रिंग किंवा भरीव रेझिन. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन ती कड सैल पडते आणि कूलंट सेन्सरच्या आतून वर चढतं. एका गाडीवर मी तीन वेळा आटे साफ केले, तीन वेळा नवं सीलंट लावलं, आणि दर वेळी दोन दिवसांनी खालून थेंब. चौथ्या वेळी कनेक्टर उपटला तर आतल्या दोन्ही पिना हिरव्यागार. वायरचं प्लॅस्टिक बोटभर सोललं, आत तांब्याच्या तारा काळ्या आणि ओल्या. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं कूलंट त्या तारांमधून चढत होतं आणि कनेक्टरपासून वीतभर लांब, हार्नेसला, म्हणजे वायरच्या जुडग्याला, जिथे टेप मारली होती तिथून ठिबकत होतं. मी ते आट्यांमधून येतंय असं धरून चाललो होतो. तेव्हापासून माझा पहिला हात कनेक्टरकडे जातो. आत ओल किंवा हिरवट बुरशीसारखं काही दिसलं की सेन्सर थेट बदलायचा, आणि वायरही लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापायची. काळ्या पडलेल्या तारेवर सोल्डरचा डाग बसत नाही आणि नवा कनेक्टर दाबून बसवला तरी वर्षभरात पुन्हा रडतो.

सेन्सर शाबूत असेल तर पुढचा प्रश्न आट्यांचा, आणि तुमचा गेजचा सेन्सर टेप लावूनही का पाझरतो याचं उत्तर मला वाटतं इथे आहे.

आटे दोन जातींचे. एका जातीत सगळे आटे एकाच व्यासाचे असतात, सरळ. ते स्वतः पाणी अडवत नाहीत. पाणी अडवतं डोक्याखालचं वायसर किंवा ओ-रिंग, आट्यांचं काम फक्त ते वायसर दाबून धरायचं. एम १२ गुणिले १.५ (व्यास १२ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर १.५), एम १४ गुणिले १.५ आणि रेडिएटरमध्ये बसणारे ते जाडजूड एम २२ गुणिले १.५ चे फॅन स्विच बहुतेक या जातीचे. दुसऱ्या जातीत आटे टोकाकडे निमुळते होत जातात, १६ला १ या उताराने. हे पाचर ठोकल्यासारखे आवळत जातात आणि आट्यांवरच बंद होतात. इथे डोक्याखाली वायसर नसतं, आणि डोकं खाली टेकतही नाही. टेकवायचा प्रयत्नही करायचा नाही. सीलंट लागतं ते या दुसऱ्या जातीला.

सरळ आट्यांवर टेप गुंडाळणं हा सर्वात मोठा अपराध नव्हे, पण त्याने होतं असं की टेपमुळे आवळताना हाताला घट्ट लागतं, वायसर अजून नीट दाबलेलं नसतं, आणि तुम्ही थांबता. पाणी टेपच्या घड्यांमधून वाट काढतं.

दुसरा घोटाळा याहून वाईट. निमुळत्या आट्यांचीही दोन घराणी आहेत, अमेरिकी एनपीटी आणि ब्रिटिश बीएसपी. एकाच्या आट्याचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५. एक-अष्टमांश मापात एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८. आणि याच्या शेजारी एम १० गुणिले १ हा मेट्रिक सरळ आटा, ज्याच्या दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. तिघांच्या बाहेरच्या व्यासात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक. तिन्ही एकमेकांच्या भोकात दोन-तीन फेरे अगदी गुमान जातात, मग घट्ट होतात, आणि माणसाला वाटतं बसला. तो बसलेला नसतो, अडकलेला असतो. एखाद्या कड्यावर दाब येतो, बाकी आट्यांत पोकळी राहते, आणि त्या पोकळीचा रस्ता गोल गोल फिरत थेट बाहेर निघतो. अशा जोडीला टेपचे सहा वेढे दिले तरी आठवडा निघेल, महिना निघणार नाही.

ओळखायचं कसं? सेन्सर काढा आणि आट्यांवर पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावून उजेडात धरा. दातांच्या मधून उजेड दिसता कामा नये. पिच गेज नसेल तर व्हर्नियरने दहा आट्यांची लांबी मोजा, निदान जेवढे मिळतील तेवढ्यांची. मग आट्यांच्या सुरुवातीचा आणि डोक्याजवळचा व्यास मोजा. फरक आला तर निमुळता. भोकाचं माप घेणं अवघड असतं, तिथे मी ज्याचं माप नक्की ठाऊक आहे असा बोल्ट किंवा प्लग हाताने फिरवून बघतो. सरळ आटा असेल तर तो बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. निमुळता असेल तर तीन-चार फेऱ्यांनंतर हळूहळू आवळत जायला हवा, एकदम गच्च होऊन नव्हे. तुमच्या गेजसोबत आलेल्या पुडीत दोन-तीन पितळी अ‍ॅडॅप्टर असतील. त्यातला ‘जवळपास बसतो’ तो लावलेला असण्याची शक्यता मला दाट वाटते.

जात आणि माप जुळलं की मग सीलंट.

निमुळत्या धातूच्या आट्यांवर माझी पहिली पसंती टेफ्लॉन मिसळलेल्या पेस्टला, म्हणजे हवेशिवाय घट्ट होणारं अ‍ॅनेरोबिक थ्रेड सीलंट. ते आट्यांच्या मधल्या पोकळीत, जिथे हवा नसते आणि दोन्ही बाजूंना धातू असतो, तिथेच आवळतं. बाहेर राहिलेलं ओलंच राहतं आणि पुसता येतं. प्लॅस्टिकवर मात्र हे वापरू नका. तिथे ते नीट घट्ट होत नाही आणि काही प्लॅस्टिकांना तडे पाडतं. लावण्याआधी नर-मादी दोन्ही आटे ब्रेक क्लीनरने धुवा. जुन्या कूलंटचा निसरडा थर राहिला तर कुठलीच पेस्ट धरत नाही. टोकाचा पहिला आटा कोरडा ठेवायचा, पुढच्या तीन आट्यांना चहूबाजूंनी लावायचं. टोकाला लावलेलं आत पाण्यात जातं, त्याचा कोणाला काही उपयोग नाही. डब्यावर जेवढा वेळ सांगितला आहे तेवढा थांबून मगच पाणी भरायचं.

टेप वापरायचीच असेल तर दोन-अडीच वेढे, टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आवळताना ती उलगडत नाही. इथेही पहिला आटा मोकळा. टेपचा तुटलेला तंतू आत गेला की तो थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी किंवा हीटरच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसतो. बसवून झाल्यावर सेन्सर किंचित मागे फिरवून ‘सरळ’ करायचा मोह होतो, विशेषतः कनेक्टरची दिशा बरोबर यावी म्हणून. टेप असेल तर मागे फिरवायचं नाही. फिरवलं तर काढून पुन्हा गुंडाळा.

सिलिकॉन, म्हणजे गॅस्केट बनवायचं आरटीव्ही, आट्यांवर मी वापरत नाही. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, आणि आट्यांच्या आत ओलावा पोचत नाही. वरून कडक, आत महिनोन्महिने लोणी. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते तर पितळ-तांब्याजवळ नकोच.

आणि रेडिएटरमध्ये ओतायचं गळतीबंद औषध? ते भोक आणि हीटरची नळी यात फरक करत नाही. एवढंच म्हणतो.

एक गोष्ट लोक विसरतात. एका वायरचा सेन्सर असेल तर त्याची अर्थिंग त्याच्या अंगातून, आट्यांवाटेच इंजिनला मिळते. आट्यांवर टेप गुंडाळली की अर्थ तुटते असं सरसकट म्हणतात, ते अर्धं खरं आहे. आवळताना धातूचे कडे बहुतेकदा टेप कापून एकमेकांना भिडतात. पण ‘बहुतेकदा’वर गाडी सोडू नका. मल्टीमीटर लावा, एक टोक सेन्सरच्या षटकोनावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. गेजला हे फार लागतं, कारण गरम झाल्यावर अनेक गेज-सेन्सरांचा रेझिस्टन्स काही दहा ओहमांवर उतरतो, आणि अर्थमध्ये दहा ओहम वाढले की काटा इंजिन आहे त्यापेक्षा गार दाखवतो. फॅनचा स्विच रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलला अर्थ देत असेल तर तिथे दोन-चार ओहमांनी काही बिघडत नाही, कॉइलच साधारण ऐंशी ओहमची असते. पण अर्थ पूर्ण तुटली तर फॅन लागणारच नाही. दोन पिनांच्या स्विचला यातली कुठलीच काळजी नाही, म्हणून नवीन घेताना दोन पिनांचा घ्या.

सरळ आट्यांचा सेन्सर असेल तर सगळी मेहनत वायसर आणि ते बसतं त्या चेहऱ्यावर. चेहरा म्हणजे भोकाभोवतीची सपाट जागा. तिथे जुन्या वायसरचा तुकडा, रंग किंवा आडवा ओरखडा राहिला असेल तर नवं वायसर काय करणार? बोटाचं नख फिरवून बघा. नख अडलं तर पाणीही जाईल. अ‍ॅल्युमिनियमवर बारीक पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला लावून हलक्या हाताने घासा, आणि भोकात आधी ग्रीस लावलेला कापडाचा बोळा कोंबा, म्हणजे किस आत पडणार नाही. तांब्याचं वायसर एकदा दाबलं की कडक होतं. नवं मिळत नसेल तर गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, काळा थर पुसा; ते पुन्हा मऊ होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नका, ते बघता बघता वितळतं. ज्या जागेचा चेहरा थोडा खराब आहे तिथे लोखंडी कड्याच्या आत रबराची ओठ असलेलं वायसर छान काम करतं. ओ-रिंग असेल तर कूलंटसाठी बहुतेक ईपीडीएम रबराची असते, आणि त्या रबराला साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं. बसवताना कूलंटच लावा, नाहीतर सिलिकॉन ग्रीस.

आवळायचं किती? गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच, टॉर्क पान्याने. प्लॅस्टिकच्या टाकीच्या रेडिएटरला तर अंदाजाने हात लावू नका. टाकीत पितळेची आट्यांची बुशी बसवलेली असते. जास्त आवळलं की सेन्सरसकट बुशीच फिरते, आणि एकदा फिरली की तो रेडिएटर गेला. अ‍ॅल्युमिनियमच्या घरात पितळेचा सेन्सर वर्षानुवर्षं जुन्या कूलंटमध्ये बसलेला असेल तर तो गंजून चिकटतो आणि काढतानाच आटे घेऊन बाहेर येतो. काढण्याआधी इंजिन कोमट करा (गरम नव्हे), आणि थोडं आवळून मग सोडा, पुन्हा थोडं आवळून पुन्हा सोडा. आटे गेलेच तर स्प्रिंगसारखा तारेचा इन्सर्ट पाण्याच्या जागी मला आवडत नाही. तारेच्या मागून गोल गोल रस्ता राहतो, तो सीलंटने भरावा लागतो. भरीव बुशीचा इन्सर्ट बरा.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे, होजखालून घातलेल्या त्या नळीकडे.

त्या कंट्रोलरच्या टोकाला पितळी किंवा तांब्याचा बल्ब असतो, पेन्सिलीएवढा, आणि त्यातून निघणारी बारीक नळी कंट्रोलरपर्यंत जाते. आत भरलेला द्रव तापला की फुगतो, पडद्याला ढकलतो, पडदा स्विच दाबतो. वायरिंग सोपं, तापमान गोल बटणाने बदलता येतं, म्हणून लोकांना आवडतं. पण होज आणि रेडिएटरच्या तोंडाच्या मध्ये एक गोल नळी घातली की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. सपाट भिंतीशी पाइप ठेवून वर चादर ताणली तर पाइपच्या दोन्ही बाजूंना तिकोनी बोगदे राहतात. तुमच्या होजखाली तसेच दोन बोगदे आहेत. क्लिप कितीही आवळा, होजचं रबर त्या कोपऱ्यात शिरत नाही. कंट्रोलरबरोबर येणारी खाचेची रबरी पट्टी त्या बोगद्यांसाठीच असते, आणि ती बहुतेक वेळा उलटी किंवा तिरकी बसवलेली सापडते.

तो प्रकार निदान काही दिवस चालवायचा असेल तर: होज नवा किंवा निदान मऊ हवा, दाबून बघा, टणक लागला तर त्याला रजा द्या. रेडिएटरच्या तोंडावरचं जुनं सिलिकॉन आणि गंज पूर्ण काढा. रबरी पट्टीची खाच नळीवर, नळी अगदी सरळ, कुठेही स्वतःवरूनच गेलेली नाही. सिलिकॉनला इथे जागा आहे, पण खाचेत आणि त्या दोन कोपऱ्यांत पातळसं, बोटभर थापून नव्हे. क्लिप बरोबर पट्टीच्या मधोमध, आणि क्लिपचा स्क्रू नळीपासून लांब, समोरच्या बाजूला. स्क्रूच्या खोक्याखाली पट्टा नीट दाबत नाही. मग चोवीस तास पाणी भरायचं नाही. दोनदा सिलिकॉन भरून उपयोग झाला नाही म्हणता, तर मला विचारायचं आहे की भरल्यावर किती वेळाने गाडी चालू केली?

हे सगळं करताना नळीला घडी पडू देऊ नका. घडी पडली किंवा बारीक चीर गेली की आतला द्रव निघून जातो, आणि मग कंट्रोलरला इंजिन कायम गार वाटतं. फॅन कधीच लागत नाही. गळणाऱ्या सेन्सरपेक्षा हा मुका सेन्सर जास्त धोक्याचा. नळीची गुंडाळी मनगटाएवढी मोठी ठेवा, आणि तिच्या आसपास सोल्डरचा डाग देण्याचं काम करू नका.

पण तुम्ही ते काढायचं ठरवलं आहे, आणि मी त्याला पूर्ण सहमत आहे. मधला एक मार्गही आहे: खाच पाडलेल्या रबरी बुशीचा ग्लँड, जो नळीवर बाजूने बसतो आणि आट्यांच्या बॉसमध्ये (सेन्सर बसवायच्या आटे पाडलेल्या उंचवट्यात) नटाने आवळला जातो. कंट्रोलर तोच राहतो, गळती थांबते. मात्र बॉस तर लागतोच, मग सरळ थर्मोस्विच का नाही?

होजमध्ये बसवायचा अ‍ॅडॅप्टर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा नळकांडा, दोन्ही टोकांना होज, मध्ये आट्यांचा बॉस. घेताना टोकांना बाहेरून उंच कड आहे का बघा. कड नसलेल्या गुळगुळीत टोकावरून होज दाबाखाली घसरतो. होज कापताना एक सरळ भाग निवडा आणि अ‍ॅडॅप्टरच्या लांबीएवढा तुकडा काढू नका, दोन्ही टोकं आत किती शिरतात ते वजा करून कापा. मी एकदा पूर्ण लांबी कापली होती आणि नवा होज आणावा लागला होता. अ‍ॅडॅप्टर दोन्ही बाजूंनी रबरात असतो, म्हणजे त्याला अर्थिंग मिळत नाही. एका वायरचा स्विच त्यात लावला तर तो आयुष्यात कधी फॅन लावणार नाही. काही अ‍ॅडॅप्टरांना अर्थच्या स्क्रूसाठी भोक असतं, नाहीतर क्लिपखाली वायर दाबण्याऐवजी दोन पिनांचा स्विचच लावा.

स्विचवर दोन आकडे असतात, ९५-९० किंवा ९२-८७ असे. पहिल्याला चालू, दुसऱ्याला बंद. वरच्या होजमध्ये इंजिनमधून निघणारं गरम पाणी असतं, म्हणून तिथला आकडा थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो त्याच्या वर हवा. थर्मोस्टॅट ८२ला उघडायला लागतो आणि ९०-९५च्या आसपास पूर्ण उघडतो. तुम्ही ८५चा स्विच वर लावलात तर फॅन लागेल तो लागलेलाच राहील आणि बॅटरी, फॅन दोघंही थकतील. रेडिएटरच्या खालच्या बाजूला, थंड होऊन परतणाऱ्या पाण्यात स्विच बसवणार असाल तर आकडा दहा-बारा अंशांनी खालचा घ्या. फॅनचा करंट थेट स्विचमधून नेऊ नका. फॅन सुरू होताना झटक्यात बराच जास्त करंट ओढतो आणि स्विचच्या आतली पातळ पत्री चिकटते. स्विच रिले चालवेल, रिले फॅन चालवेल, आणि बॅटरीजवळ फ्यूज.

कामाला लागण्याआधी फॅनचा कनेक्टर काढून ठेवा. पुष्कळ जोडण्यांमध्ये चावी काढलेली असली तरी फॅन लागू शकतो, आणि तेव्हा बोटं पात्यांजवळच असतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला आणि तो नेमका सेन्सरपाशी अडकला तर सेन्सर हवेचं तापमान मोजतो, पाण्याचं नाही. इंजिन उकळायला लागतं आणि फॅन शांत. म्हणून सेन्सरचा बॉस वरच्या दिशेला, होजच्या माथ्यावर ठेवू नका, बाजूला किंवा किंचित खाली वळवा. हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक थोडं उंच, आणि झाकण उघडं ठेवून इंजिन गार असल्यापासून सुरू करा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. मग गेजवर नजर ठेवून फॅन दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत थांबा. लागायला हवा त्या आकड्यापलीकडे काटा सात-आठ अंश गेला तर वाट बघत बसू नका, इंजिन बंद करा.

गार झाल्यावर होजच्या क्लिपा एकदा पुन्हा आवळा, पाव फेऱ्याहून जास्त नाही. रबर पहिल्या तापण्यात थोडं बसतं. निमुळत्या आट्यांना मात्र या वेळी हात लावू नका, घट्ट झालेली पेस्ट हलवली की तुटते. मग तीन-चार दिवस रोज सकाळी, गाडी चालू करण्याआधी, त्याच टिश्यूच्या पट्ट्या. आणि गेजच्या सेन्सरचं माप मोजून झालं की आटे इंचाला २७ निघाले की २८ ते कळवा, म्हणजे कुठला अ‍ॅडॅप्टर हवा ते नक्की सांगता येईल.